रक्त थांबलं, आजार नाही : दातवण, मिसरी आणि हिरड्यांचा इतिहास

यंदा दिवाळीला केमला गेले तेव्हा बॅगेत फराळाच्या डब्याशेजारी लाल गोळ्यांची एक पट्टी होती. दातांचे डॉक्टर या गोळ्या वापरतात. गोळी चावायची, तोंडात फिरवायची, थुंकायची आणि एक चूळ भरायची. दातांवर जिथे जिथे जंतूंचा थर चिकटलेला असेल तिथे लाल रंग धरून राहतो, स्वच्छ जागेवरून निघून जातो. रंग खाण्यातलाच असतो, एरिथ्रोसिन नावाचा.

माझं पीएचडीचं काम सूक्ष्मजीवांच्या अशाच थरांवर, म्हणजे बायोफिल्मवर चालू आहे. घरी कुणाला ते नीटसं कळत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी दाखवूनच टाकू. पहिली गोळी मी चावली, दुसरी आईने. मग आईने भिंतीवरच्या आरशात तोंड उघडून बघितलं. पुढच्या दातांचा दर्शनी भाग पांढरा होता. पण हिरडीला लागून एक लालभडक रेघ उमटली होती आणि दोन दातांच्या फटीत लाल ठिपके.

"आगं बया, दातांनाबी कुंकू लावल्यावानी दिसतंय की," आई म्हणाली आणि हसत सुटली.

केमच्या बाईला कुंकूच आठवणार. करमाळा तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधे आहे. बाहेर ते ओळखलं जातं कुंकवाच्या धंद्यासाठी. (लगेच सांगून टाकते, हा प्रयोग कुंकवाने करू नका. बाजारातल्या कुंकवात काय काय रंग असतात ते सांगता येत नाही, ते तोंडात घालायची वस्तू नाही.)

हसून झाल्यावर आई म्हणाली, "पण मी तर रोज दोन टायम मिसरी लावते. मग ही घाण राहिलीच कशी?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथल्या तिथे मला ते नीट देता आलं नाही. उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं, साधारण दोन हजार वर्षं.

आज्जीचे न किडलेले दात

आधी घरातलीच एक गोष्ट. माझ्या आज्जीचे दात पन्नाशीनंतर एकेक करून पडले. एकही किडलेला नव्हता. पडलेला दात ती हातावर घेऊन दाखवायची, अगदी अख्खा, मुळासकट. "दात चांगला हाय, पर हिरडीनं सोडला," असं म्हणायची. सगळं आयुष्य तिने मिसरी लावली. कमरेच्या पिशवीत छोटी डबी असायची. हिरडीतून रक्त आलं की ती डबी काढायची, बोटावर चिमूट घ्यायची आणि चोळायची. रक्त थांबायचं. तिच्या दृष्टीने औषध लागू पडायचं.

दात किडणं आणि हिरडीने दात सोडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात दाताचा वरचा कठीण भाग पोखरला जातो, ठणका लागतो, माणूस डॉक्टरकडे पळतो. दुसऱ्यात दात शाबूत राहतो, पण त्याला धरून ठेवणारी हिरडी आणि तिच्याखालचं हाड झिजत जातं. यात बहुतेक वेळा दुखत नाही. वर्षानुवर्षं एकच खूण दिसत असते, ती म्हणजे घासताना येणारं रक्त. आपल्याकडे जुनी माणसं याला पायरिया म्हणतात.

हिरड्यांच्या काळजीचा आपला इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. त्यात दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. एक धागा काढण्याचा, म्हणजे दातावरचा थर घासून, खरवडून काढणं. दुसरा धागा लावण्याचा, म्हणजे काहीतरी तुरट चोळून हिरडी आवळणं आणि रक्त थांबवणं. दोन्ही एकाच वेळी, एकाच बोटाने होतात. त्यामुळे नेमका फायदा कशाने झाला हे वापरणाऱ्याला कळत नाही. आज्जीलाही ते कळलं नव्हतं.

सुश्रुताने सांगितलेलं स्केलिंग

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची मोठी यादी आहे, एकूण पासष्ट रोगांची. त्यातले पंधरा दंतमूलाचे, म्हणजे दातांच्या मुळाशी असलेल्या मांसाचे आहेत. 'शीताद' या रोगात हिरडीतून अचानक रक्त येतं, ती मऊ पडते, काळपट होते, तोंडाला घाण वास येतो. 'दंतवेष्टा'त पू आणि रक्त येऊन दात हलू लागतात. 'उपकुशा'त आग होते, नुसतं दाबलं तरी रक्त येतं. आजच्या दंतवैद्यकाच्या पुस्तकातली वर्णनं शेजारी ठेवली तर बरीच जुळतात.

रोजच्या दंतधावनाबद्दलही सुश्रुत नेमकं सांगतो. काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठ नसलेली हवी. कडू चवीत कडुनिंब चांगला, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सूचना अशी, की घासताना दातांभोवतीच्या मांसाला इजा होऊ द्यायची नाही.

आणखी एक उल्लेख वाचून मी चकित झाले. दातांवर साचून कडक झालेल्या थराला सुश्रुत 'दंतशर्करा' म्हणतो. आपण त्याला कीटण म्हणतो. त्यावरचा उपाय म्हणून तो सांगतो, की दातांच्या मुळाला धक्का न लावता वैद्याने ही शर्करा काढावी आणि मग लाखेची पूड मधात कालवून चोळावी. त्याच्या धारदार शस्त्रांच्या यादीत 'दंतशंकू' नावाचं खास हत्यारही आहे. आज दवाखान्यात ज्याला स्केलिंग म्हणतात ते हेच.

हे मुद्दाम सांगतेय, कारण गावात स्केलिंगबद्दल केवढी भीती आहे! "डाक्टरानं दात साफ केले आणि दात हलायला लागले," हे मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. होतं असं, की हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या जाड थराने शेजारशेजारचे दात एकमेकांना टेकू दिलेला असतो. पडक्या भिंतीला लाकूड लावावं तसं. कीटण काढलं की दात आधीपासून किती हलत होता ते समजतं. शिवाय हिरडीची सूज उतरली की फटी दिसायला लागतात. दोष साफ करणाऱ्याच्या माथी बसतो, आजार मात्र त्याच्या कितीतरी वर्षं आधीचा असतो.

सुश्रुताकडे दोन्ही धागे आहेत. काडी आणि दंतशंकू हा काढण्याचा धागा. त्रिफळ्यासारख्या तुरट द्रव्यांच्या गुळण्या आणि लेप हा लावण्याचा. पुढच्या शतकांत घराघरात जे उरलं त्यात दुसरा धागा जाड होत गेला, असं मला दिसतं.

काळे दात शोभायचे तेव्हा

आजच्या मुलींना खरं वाटणार नाही, पण महाराष्ट्रात एके काळी लग्न झालेल्या बाईचे दात काळे असणं हे सौभाग्याचं आणि सौंदर्याचं लक्षण होतं. त्यासाठीच्या पुडीला 'दातवण' म्हणत. तिच्यात हिरडा, हिराकस अशा वस्तू असत. कपाळावर लाल आणि दातांवर काळं, असा तो साज. उत्तरेकडे अशाच पुडीला मिस्सी म्हणायचे.

यातलं रसायनशास्त्र शाळेतल्या प्रयोगाइतकं सोपं आहे. हिरड्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्यं भरपूर असतात. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. दोन्ही एकत्र आले की काळाकुट्ट रंग तयार होतो. जुन्या काळची लिहायची काळी शाईही याच पद्धतीची. हळदीला चुन्यासारखं अल्कधर्मी काही लागलं की ती लाल होते, त्याच जातीची ही गंमत. कुंकवाच्या गावात वाढलेल्यांना रंग असा बदलताना बघायची सवय असते.

टॅनिन हिरडीला लागलं की वरच्या पेशींतली प्रथिनं आकसतात, हिरडी आवळल्यासारखी वाटते, बारीक रक्तस्राव थांबतो. तुरटीचं कामही तसंच. दाढी करताना कापलं की बाबा तुरटी फिरवतात ना, तेच तोंडात. आराम खरा असतो. पण रक्त ज्या थरामुळे येत होतं तो थर हिरडीच्या कडेला जिथल्या तिथे राहतो.

मग या पुडीच्या डबीत तंबाखू शिरली. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी. ती दख्खनमध्ये किती लवकर रुळली याचा एक पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. ही नवलाईची वस्तू तो १६०४ च्या सुमारास बादशहापुढे घेऊन गेला. म्हणजे मुघल दरबाराने जी पहिल्यांदा पाहिली, ती विजापुरात, आपल्या सोलापूरला लागूनच असलेल्या मुलखात, आधीच पोचलेली होती.

पुढे कधीतरी तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून ती पूड दातांना चोळायची पद्धत पडली. हीच मिसरी, मिश्री किंवा मशेरी. गाव बदललं की उच्चार बदलतो. रंग दातवणासारखाच काळा, लावायची रीत तीच, वेळ तीच. फरक एकच. दातवणाने सवय लागत नव्हती, मिसरीने लागते. सकाळी एकदा लावायची वस्तू दिवसातून चार-पाच वेळा लागायला लागते आणि दात घासणं हे निमित्त उरतं.

डेल्फ्टचा कापडवाला

थराच्या आत काय आहे ते पहिल्यांदा दिसलं एका दुकानदाराला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हान लेव्हेनहूक कापडाचा व्यापारी होता आणि भिंगं स्वतः घासून बनवायचा. १६८३ च्या सप्टेंबरात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. आपल्या दातांच्या फटीतला पांढरा लगदा पाण्यात मिसळून त्याने भिंगाखाली पाहिला होता आणि त्याला त्यात वळवळणारे बारीक जीव दिसले होते. त्याने त्यांची चित्रंही काढून पाठवली.

गंमत म्हणजे लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासणारा माणूस होता आणि आपल्या हिरड्या चांगल्या आहेत याचा त्याला अभिमान होता. तरीही फटीत लगदा सापडला. आईच्या दातांवरचे लाल ठिपके जिथे होते तिथेच. नंतर त्याने आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचा लगदा तपासला, त्यात तर जिवंत प्राण्यांची जत्राच होती.

त्याचं आणखी एक निरीक्षण माझ्या कामाच्या फार जवळचं आहे. लगदा पाण्यात सुटा करून त्यात व्हिनेगर घातलं की ते जीव मरायचे. पण दातांवर थर तसाच असताना व्हिनेगरचा फारसा उपयोग होत नव्हता, आतले जीव वाचायचे. बायोफिल्मची खासियत हीच. जंतू स्वतःभोवती चिकट गोंदासारखं आवरण करतात आणि थर करून राहतात. बाहेरून ओतलेलं औषध वरच्या वर अडतं. म्हणून नुसत्या गुळणीने भागत नाही, थर आधी मोडावा लागतो.

काडी, पूड आणि ब्रश

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या बहुतेक घरांत कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, कोळसा, राखुंडी, मीठ आणि मिसरी असा सगळा संच होता. दातांची डॉक्टरी नुकती उभी राहत होती. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. कोण दंतवैद्य आणि कोण नाही हे ठरवणारा कायदा आला थेट १९४८ मध्ये. तोवर जत्रेत बसून दात उपटणारा माणूस हाच बहुतेकांचा डेंटिस्ट.

काडीबद्दल एक छान आठवण आहे. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना काकासाहेब कालेलकर त्यांच्यासोबत होते आणि त्यांच्यासाठी कडुनिंबाचं दातण तयार करून द्यायचे. एकदा वापरलेली काडी टाकू नये, कुचलेलं टोक कापून तीच दुसऱ्या दिवशी वापरावी, असा गांधीजींचा आग्रह. तुरुंगाच्या आवारात कडुनिंबाला काही तोटा नव्हता, तरीही. काटकसरीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला मात्र त्यातलं रोज ताजं चावून केलेलं मऊ टोक दिसतं. काडीचा खरा गुण त्या कुंचल्यात आहे, कडवटपणात कमी.

बाजारातही बदल होत होते. कोलगेटची भारतातली कंपनी १९३७ मध्ये नोंदली गेली. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईत विको सुरू केली आणि वज्रदंतीची आयुर्वेदिक पूड घरोघरी पोचवली. नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ मध्ये अमेरिकेत आला होता, त्याआधी ब्रशला जनावरांचे केस असायचे. पण जाहिरातींचा सूर बघा, सगळा भर ट्यूबमध्ये किंवा डबीत काय आहे यावर. दात कसे घासायचे, हिरडीच्या कडेला ब्रश कसा धरायचा, हे क्वचित. वस्तू विकता येते, घासणं विकता येत नाही.

बारा जणांनी दात घासणं सोडलं

आणि आता या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. तुम्हाला वाटेल, दात न घासल्याने हिरड्या बिघडतात हे तर कुणीही सांगेल, त्यात सिद्ध काय करायचं? पण १९६० च्या आसपास तज्ज्ञांतही एकमत नव्हतं. कुणी वयाला दोष द्यायचं, कुणी जीवनसत्त्वांच्या कमतरतेला, कुणी 'प्रकृती'ला.

डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसं घेतली, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, दात घासणं पूर्ण बंद. मग नुसतं बघत राहिले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. कुणी सुटलं नाही. मग पुन्हा घासायला सांगितलं. साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत. हा निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रयोग साधा, पण त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. थर साचला की सूज येते. आणि थर काढला की सूज जाते, काहीही न लावता. हिरडा नाही, तुरटी नाही, मिसरी नाही, तरी रक्त थांबतं.

लोए पुढे श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत गेले. १९७० पासून पंधरा वर्षं त्यांनी ४८० मजुरांच्या तोंडांची वेळोवेळी तपासणी केली. दातांच्या उपचारांची कसलीही सोय या लोकांपर्यंत पोचलेली नव्हती. त्यांचे दात जवळजवळ किडलेलेच नव्हते, पण हिरडीला लागून थर आणि कीटण सगळ्यांकडे. पंधरा वर्षांनी दिसलं ते असं, की सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्याने झिजलं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगाने, आणि ११ टक्क्यांची हिरडी सुजलेली असूनही आजार त्यापुढे सरकला नाही.

हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आज्जीच दिसली. अख्खे, न किडलेले, मुळासकट गळणारे दात. आणि तिला मिळालेलं औषधही तेवढंच, कुणीतरी बघितलं आणि पुढे गेलं. विज्ञानाला या अभ्यासाने फार मोठी गोष्ट शिकवली हे मान्य. पण ज्यांच्या तोंडांवरून आपण ती शिकलो त्यांच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न मला अजून छळतो.

त्या ११ टक्क्यांचं काय? गावात एखादी म्हातारी असतेच, जी म्हणते, "मी जन्मात बुरुश धरला न्हाई, बघ माझे दात." ती खोटं बोलत नसते. थर असूनही काहींच्या शरीराचा प्रतिसाद सौम्य असतो. पण आपण ११ मधले की ८ मधले हे आधी ओळखायची सोपी युक्ती नाही. म्हणून तिचा दाखला बाकीच्यांच्या कामाचा नाही.

कायदा डबीपर्यंत पोचला, तव्यापर्यंत नाही

आता पुन्हा मिसरीकडे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, हे संशोधनात वारंवार दिसलंय. आजार मात्र त्यांच्यात जास्त असतो. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजेची एकमेव दिसणारी खूणच झाकली जाते. मिसरीत तेच निकोटीन थेट हिरडीवर चोळलं जातं, त्यात भर म्हणून तंबाखू जिथे रोज लागते तिथली हिरडी खाली सरकते. आज्जीची डबी रक्त थांबवायची, पण ते घरात धूर झाल्यावर भोंग्याची वायर तोडण्यासारखं होतं. आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, त्याबद्दल तर आता शंकाच उरलेली नाही.

भारत सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि टूथ पावडरमध्ये तंबाखू वापरायला बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी योग्य ठरवली. चांगला कायदा. पण मिसरीला कारखाना लागत नाही. किराणा दुकानातून तंबाखू आणायची आणि तव्यावर भाजायची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. गुटखा-मावा खाणारे पुरुष डोळ्यांसमोर येतात, स्वयंपाकघरातली डबी कुणाला आठवत नाही.

ती डबी फक्त दातांपुरती राहत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मिसरीचाच वापर सर्वाधिक होता. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. दात घासायची वस्तू म्हणून बाळंतपणातही ती कुणी बंद करत नाही. तिला 'व्यसन' म्हणतच नाहीत ना!

मग करायचं काय?

आईला मी कागदावर लिहून दिलं तेच इथे देते.

घासताना रक्त आलं तर घासणं थांबवू नका. तिथेच थर साचलाय, म्हणून रक्त येतंय. मऊ ब्रशने हलक्या हाताने त्याच जागी घासलं की बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत ते थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरकडे जायचं.

ब्रश हिरडीच्या कडेवर थोडा तिरका धरायचा, अर्धा दातावर आणि अर्धा हिरडीवर, आणि बारीक हलवायचा. अमेरिकेतल्या चार्ल्स बास या डॉक्टरने १९४० च्या दशकात ही पद्धत सांगितली. जोराने खसाखसा घासलं तर हिरडी सोलवटते. दोन हजार वर्षांपूर्वीची मांसाला न दुखवण्याची सूचना आठवा. दोन वेळा घासायचं आणि रात्रीचं चुकवायचं नाही.

फटीत ब्रश जात नाही, बोट तर नाहीच. तिथे दोरा किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश लागतो. आईचे लाल ठिपके तिथलेच.

कीटण एकदा दगडासारखं झालं की घरच्या कुठल्याही घासण्याने निघत नाही, ते काढूनच घ्यावं लागतं. नुसती सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. हाड झिजलं की ते सहसा परत भरून येत नाही, पण झीज थांबवता येते. आणि घरात साखरेचा आजार असेल तर दुप्पट लक्ष द्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

काडी वापरत असाल तर वापरा, टोक नीट चावून मऊ करून. राखुंडी आणि कोळशाने दात खरवडले जातात, ते नको. मिसरी बंद. एकदम जमत नसेल तर आधी दात घासण्यापासून तिची फारकत करा, म्हणजे ती नुसती तलफ आहे हे तरी स्वतःला कळेल.

आई कुर्डुवाडीला जाऊन कीटण काढून आली. येताना फोनवर म्हणाली, "जीभ लावली की दात दुसऱ्याचेच वाटत्यात." रक्त आता येत नाही म्हणते. मिसरी मात्र पूर्ण सुटलेली नाही. चार वेळांवरून एका वेळेवर आलीये, तीही दुपारी, घरात कुणी नसताना. मला सांगताना चोरी पकडल्यासारखी हसली.

उरलेल्या गोळ्या मी तिच्याकडेच ठेवल्या आहेत. शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून तिने परवा हाच प्रयोग पुन्हा केला म्हणे. ओट्यावर बसून सगळ्यांनी एकमेकींचे लाल दात बघितले. पुढच्या वेळी येताना आणखी दोन पट्ट्या आण, असा निरोप आलाय.